वर चढणाऱ्या लेकींची आई

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. हसू नका! ज्या मुलीच्या मेंदूत मी राहते तिचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून मी कामावर आहे. निरोपांची ने-आण करणाऱ्या चेतापेशी तुम्हाला ठाऊक असतील. पुस्तकात त्यांचीच चित्रं असतात. मी त्यांच्या शेजारची ग्लिया. ग्लिया म्हणजे गोंद! नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, आम्ही नुसत्या चिकटून बसतो. जाऊ द्या, आता मला त्याचा राग येत नाही. फारसा.

लहानपणी मी लांबलचक होते. मेंदूच्या आतल्या थरापासून अगदी वरच्या थरापर्यंत दोरासारखी ताणलेली. नव्या चेतापेशी मला बिलगून वर चढायच्या. त्यातल्या कित्येक माझ्याच पोटच्या. चढता चढता त्या रसायनांच्या भाषेत मला सांगायच्या, "आई, इतक्यात आखडू नकोस हं, मागून बहिणी येताहेत." मग मी आणखी ताण धरायची. शेवटची लेक वर पोचली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्माला आली. तोवर माझं दोराचं काम संपत आलं होतं. हळूहळू मी आखडले, मला चहूबाजूंनी फांद्या फुटल्या आणि नवं काम मिळालं. दोन चेतापेशी जवळ आल्या, की "धरा गं एकमेकींचा हात" असा निरोप मी सोडायचा. त्यांचा जोड जमला, की त्याला जपायचं, खाऊपिऊ घालायचं. पण ज्या जोडावर वर्दळ नसते, तिथे आमच्याच गोतातल्या सफाईवाल्या पेशी येतात आणि तो खाऊन टाकतात. वाईट नाहीत हो त्या, पसारा आवरतात. तरी त्या दिसल्या की मी माझ्या फांद्या जोडाभोवती आवळून घ्यायची.

मुलीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. रुग्णालयात तिच्या खोलीच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी होती. बाबाने ती एवढी मनावर घेतली, की घरी आल्यावर दाराच्या घंटीची तारच काढून टाकली. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. आईबाबा खाणाखुणांनी बोलू लागले. घरात ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली गेली, की मुलीला पाठ झाली आणि म्हणून मलाही. आत मात्र आवाजाच्या वाटेवर शुकशुकाट होता. माझ्या दोन लेकी हातात हात घालून नुसत्या बसलेल्या. सफाईवाली दोनदा येऊन चाचपून गेली. मी फार घाबरले. खाऊ मी देऊ शकत होते, पण आवाज कुठून आणणार?

महिन्याभराने मुलीचं वजन करायला नर्सबाई आल्या.

"हे घर आहे की वाचनालय?" त्यांनी विचारलं.

"बाळाला त्रास नको म्हणून..." बाबा कुजबुजला.

"अहो, ती पाटी तिथल्या गर्दीसाठी! ओरडू नका, पण बोला तर तिच्याशी."

"काय बोलू? मला गाणीबिणी येत नाहीत."

"दिवसभर काय केलंत ते सांगा."

"सांग की," आई म्हणाली. "मलाही कळेल. मला तरी कुठे सांगतोस?"

बाबाने घसा खाकरला. मुलीला मांडीवर घेतलं. "तर काय झालं बाईसाहेब, चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकली. आत एक आजोबा आणि त्यांची मांजर. आजोबा शांत, मांजराने मात्र इमारत डोक्यावर घेतलेली. मी दोर तपासला, कळ दाबली, आणि लिफ्ट निघाली... वर!" वर म्हणताना त्याने तिला अलगद उचललं.

आत काय झालं म्हणून सांगू! एका लेकीने दुसरीला निरोप दिला, मग परत दिला. मी अंगभर शहारले, शेजारणींना कळवलं, रक्तवाहिनीकडून जास्तीचा खाऊ मागवला. सफाईवाली आली, थबकली आणि निमूट पुढे गेली.

मग रोज संध्याकाळी एक बिघडलेली लिफ्ट आणि दहा वेळा 'वर'. काही जोड गेले, तेवढे जायचेच. हा टिकला. पण दीड वर्ष झालं तरी मुलगी काही बोलेना. आई तिच्या तोंडाकडे बघत बसायची. आत मीही धीर धरून होते.

एका संध्याकाळी बाबा फार दमून आला. दारातच बसून मुकाट्याने बूट काढू लागला. मुलगी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात उंच केले आणि म्हणाली, "वर!"

एक बूट पायात तसाच ठेवून बाबाने तिला उचललं. तो हसत होता आणि रडतही होता. आणि मी? माझं सारं बालपण लेकींना वर पोचवण्यात गेलं, आणि पोरीने पहिला शब्द उच्चारला तोही तोच.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर त्याच्याशी बोला. काहीही बोला, हरवलेल्या चपलेबद्दल बोला. त्याला काय कळतंय, असं म्हणू नका. आत दोघी जणी हातात हात घालून तुमच्या आवाजाची वाट बघत असतात. त्यांना सांभाळायला मी आहे, पण तुमच्यावाचून मी त्यांना फार दिवस सांभाळू शकत नाही.