माझी किंमत वाढली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुने घर आहे. दोनच खोल्यांचे, तेही भाड्याचे. गवंडी ओळंबा घरी विसरून आला होता, त्यामुळे माझी एक भिंत जन्मापासून जरा अदबीने वाकून उभी आहे.

माझ्यात शिंपीकाका आणि काकू राहत. पुढे शिलाई मशीन, मागे संसार. मी कुठे गळले की काका मालकाची वाट न पाहता शिडी लावत.

मागे नव्या मालकाने मला रोखीने विकत घेतले. डोक्यावर कुणाचे देणे नाही, म्हणून मी फुशारले. ती फुशारकी फार टिकली नाही.

"काका, बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येतोय," मालक म्हणाला. "या घरावर कर्ज काढतो. अडकलेले पैसे सुटले की दुसरं घर घेतो."

"पण तुमच्यावर तर कर्जच नाही!"

"म्हणूनच तर मिळतंय!"

मालक गेल्यावर काकू म्हणाल्या, "चारचौघांत आपल्या घराची शोभा नको व्हायला हो."

झाले! काकांनी पदरमोड करून भिंतींना रंग दिला, कोपऱ्यातली ओल खरवडली. काकूंनी उरल्यासुरल्या कापडाचे पडदे शिवले. मी ओरडून सांगणार होते, ओल राहू द्या! पण घराला तोंड कुठले? खिडकी तेवढी जिवाच्या आकांताने कुरकुरवली. काकांनी लगेच बिजागरीत तेल सोडले.

बँकेचा माणूस खूश झाला. माझी किंमत वाढली, म्हणून कर्ज मोठे मिळाले, कर्जाचा हप्ताही मोठा बसला. मालक हसतच आला.

"काका, तुमच्यामुळे काम झालं! आता भाडं मात्र दुप्पट करावं लागेल. एवढं छान घर जुन्या भाड्यात कसं परवडणार?"

"अहो, छान आम्हीच केलं ना?" काकू म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी!"

काकांनी हिशेब मांडलाच नाही. मशीन हातगाडीवर चढवले. काकू पडदे काढू लागल्या, तेव्हा काका म्हणाले, "राहू दे गं. याच मापाचे आहेत."

ती दोघे निघाली, तेव्हा निदान कुरकुरावे म्हटले. पण बिजागरीत काकांचेच तेल होते.

मित्रांनो, राहत्या घरावर माया जरूर करा. फक्त त्याची किंमत ठरवायला कुणी येणार असेल, तर एखादी ओल दिसू द्या.