बुपाती दारोदार फिरला तेव्हा

मी शंख बोलतोय. देवघरातला नव्हे, मला आरती ठाऊक नाही. इंडोनेशियातल्या मालुकूच्या एका छोट्या बेटावर वाईलेसी नावाचं गाव आहे. तिथल्या समुद्राच्या राखणदाराच्या दाराला मी टांगलेला असतो. माझं काम एकच, वेळ आली की ओरडायचं.

मी प्रवाळाच्या खडकात वाढलो. तेव्हाचा राखणदार मेझाक सालामोनीने मला उचललं, माझ्यातला जीव नारळाच्या रसात शिजवून खाल्ला आणि शेंड्याला भोक पाडून फुंकर मारली. राग धरायचा तर तेव्हाच धरायला हवा होता. पण त्या पहिल्याच फुंकरीला अख्खा गाव दाराबाहेर आला आणि मी राग विसरलो. मान कुणाला नको असतो?

आमच्याकडे वर्षातून एकदा लोम्पा माशांची पिल्लं समुद्रातून नदीत शिरतात. मी एक लांब हाक देतो. नदीच्या तोंडाशी काठ्या रोवून त्यांना माडाच्या कोवळ्या झावळ्या बांधतात आणि नुसत्या त्या खुणेने नदी बंद होते. मासे मोठे होईपर्यंत जाळं टाकायचं नाही. झावळ्यांच्या आत होडीची मोटार चालवायची नाही, वल्ह्यानेच यायचं, कारण घरघरीने मासा बिथरतो.

कुणी नियम मोडला की माझी तुटक हाक उठते. मग चुकलेल्याने गळ्यात झावळी घालून दारोदार फिरायचं आणि प्रत्येक दारात आपली चूक सांगायची. घरातल्याने ‘ऐकलं’ म्हटलं की पुढचं दार. शेवटचं ‘ऐकलं’ मिळेपर्यंत गाव सोडायचं नाही. एकदा आमच्या पाळकसाहेबांनीच हळूच गळ टाकला होता. त्यांचीही फेरी झाली, आणि पुढच्या रविवारचं प्रवचन फार लवकर आटोपलं.

मेझाकला दोन मुलं. थोरली डोर्का आणि धाकटा येरमियास. घरचे त्याला येरे म्हणत. येरेचं मन या कामात कधी रमलं नाही.

“मासे राखून काय होणार, बाबा? मी देश राखतो,” म्हणाला आणि फौजेत गेला.

“देशात मासे नाहीत का रे?” मेझाकने विचारलं. पण होडी तोवर लांब गेली होती.

मग बातम्याच येत राहिल्या. येरे लेफ्टनंट झाला. येरे कॅप्टन झाला. आमच्या बेटांवर शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर पेटवायचे दिवस आले, तेव्हा एका पुलाच्या दोन्ही टोकांना दोन गावं कोयते घेऊन उभी होती. येरेने शिपायांना मागे ठेवलं आणि स्वतः पुलाच्या मधोमध खुर्ची टाकून बसला. म्हणाला, “ज्याला पलीकडे जायचंय त्याने मला उचलून बाजूला ठेवावं. वजन भरपूर आहे, घाई करू नका.” कुणी उचललं नाही. लवंगा विकायला आलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितली तेव्हा म्हातारा मेझाक नुसता मला पुसत बसला.

मेझाक गेला आणि राखणदारी डोर्काकडे आली. बाई राखणदार म्हणून काही लोक हसले. तिने पहिल्याच वर्षी त्यातल्या एकाला झावळी घालून फिरवलं. हसणं थांबलं.

येरे कर्नल होऊन निवृत्त झाला आणि निवडणुकीला उभा राहिला. बुपाती झाला, म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा कारभारी. बुपाती आम्ही पुष्कळ पाहिले होते. निवडणुकीआधी हात जोडणारे, नंतर हात झटकणारे. हा तसा नव्हता. ज्या बेटांवर आजवर मतपेटीशिवाय सरकारी काही उतरलं नव्हतं, तिथे याने दवाखान्याची होडी पाठवली. आणि मग त्याने खऱ्या दुखण्याला हात घातला. कंपन्यांची मोठी जहाजं आमच्या तोंडचा मासा ओरबाडून नेत होती. येरेने ठराव आणला की गावाने बंद केलेलं पाणी जहाजांनाही बंद.

सभागृहातले निम्मे सदस्य म्हणाले, “झावळ्या बांधून मासे राखता येतात? भाबडेपणा आहे.” येरे म्हणाला, “चला, दाखवतो.” ठरावाच्या आदल्या दिवशी, ज्या सकाळी आमची नदी जाळ्यांना उघडायची होती, त्याच सकाळी तो सदस्यांना लाँचमध्ये घालून गावी निघाला.

लाँच चालवणारा ओंगेन नावाचा पोरसवदा गडी. झावळ्या दिसताच त्याने मोटार बंद करायला हात पुढे केला. येरे म्हणाला, “अजून नाही. त्या काळ्या खडकापर्यंत चालू दे. माझं गाव आहे, मला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं, पण तीस वर्षांपूर्वीचं. मधल्या काळात समुद्राने वाळू आणून टाकली होती. नदीचं तोंड पुढे सरकलं होतं आणि काळा खडक आता झावळ्यांच्या बराच आत आला होता. परक्या माणसाने झावळ्या पाहून मोटार थांबवली असती. गावच्या माणसानेच फक्त ही चूक करावी.

लाँच घरघरत आत शिरली. पाणी एकदम चमकलं, नदीच कूस बदलतेय असं वाटलं, आणि माशांचा अख्खा थवा लाँचच्या दोन्ही अंगांनी समुद्राकडे निघून गेला. जाळी घेऊन काठावर उभा असलेला गाव नुसता बघत राहिला.

डोर्काने मला ओठाला लावलं. लाँचवर तिचा भाऊ उभा होता. तरी हाक तुटकच निघाली, चूक झाली की निघते तशी.

“ताई,” येरे काठावर उतरत म्हणाला, “मला वाटलं...”

“जिल्ह्यात तू बुपाती आहेस. इथे तू मोटार लावून आत आलेला माणूस आहेस.”

गावचा मुखिया धावत आला. “अगं, साहेबांना कसली फेरी? पाहुणे आलेत!” ओंगेन पुढे झाला. “मोटार माझ्या हातात होती. मी फिरतो.”

“हात तुझा, हुकूम माझा,” येरे म्हणाला. “सर बाजूला.”

पात्तिनामा नावाचे सदस्य चकचकीत बूट घालून लाँचमध्येच बसले होते. त्यांनी फोन उघडला आणि ते चित्रं घ्यायला लागले. “वा! उद्या सभागृहात दाखवू. बुपातीच नियम पाळत नाहीत, मग जहाजांनी का पाळावा?”

खरं होतं ते. येरेने हसून विषय उडवला असता, तर गावानेही मान खाली घालून सोडून दिलं असतं, आणि त्या दिवसापासून माझा आवाज म्हणजे नुसती हवा झाली असती. येरेने डोकं वाकवलं. डोर्काने भावाच्या गळ्यात झावळी घातली.

तो प्रत्येक दारात उभा राहिला. “मी येरमियास सालामोनी. बंद पाण्यात मोटार नेली. मासे घालवले.” लोक खाली बघत ‘ऐकलं’ म्हणत होते. एकाने तर तो बोलायच्या आतच म्हणून टाकलं. येरे म्हणाला, “थांब, आधी नीट ऐक,” आणि पुन्हा सांगितलं.

नदीकाठचं शेवटचं दार बात्सेबा आजीचं. ती मासे धुरावर सुकवते आणि वर्षभर त्यावर जगते.

“मी बहिरी नाही,” ती म्हणाली. “पण तो शब्द मी देणार नाही. मोठी माणसं चूक सांगून मोकळी होतात आणि निघून जातात. तुझ्या त्या लाँचमधल्या लोकांना काय कळलं ते आधी दिसू दे.”

येरे तिच्या पायरीवर बसला. गाव सोडता येईना. इकडे ओहोटी लागत होती, पाणी उतरलं की लाँच वाळूत रुतणार होती, आणि सकाळी तिकडे ठराव मताला येणार होता. आजीने मधेच पापेडाचा, म्हणजे साबूच्या पिठाच्या चिकट पेजेचा, वाडगा त्याच्यासमोर आदळला. “खा. रागावलेय म्हणून उपाशी ठेवणार नाही.” तो मुकाट्याने खायला लागला.

लाँचमधून पात्तिनामांचा आवाज आला. “पाणी उतरतंय! ए पोरा, मोटार लाव!”

“झावळ्यांच्या आत मोटार नाही, साहेब. वल्ही आहेत,” ओंगेन म्हणाला.

“मासे तर गेलेच, आता कसली मोटार आणि कसलं काय! अहो बुपाती, हुकूम द्या याला!”

येरे पायरीवरूनच म्हणाला, “हुकूम दिला म्हणूनच तर मासे गेले.”

मग सदस्यांतल्या तेतेलेप्ताबाई उठल्या. त्या पूर्वी शाळेत शिकवत असत. त्यांनी चपला काढल्या आणि एक वल्हं उचललं. आणखी दोघं त्यांच्याच बाजूला जाऊन बसले, त्यामुळे लाँच जागच्या जागी गोल फिरायला लागली. काठावरची बायापोरं खदखदून हसली. लाँच दुसऱ्यांदा गोल फिरली तेव्हा पात्तिनामांनी शिव्या घालत बूट काढले आणि दुसऱ्या बाजूचं वल्हं धरलं.

बात्सेबा आजी दारात येऊन बघत होती. मग म्हणाली, “ऐकलं. पळ आता. तुझ्या माणसांना वल्हवायलासुद्धा येत नाही.”

येरे झावळीसकट पाण्यात शिरला आणि पोहत लाँच गाठली.

ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. पात्तिनामांनी तरीही विरोधातच मत दिलं. एकदा वल्हं मारून माणूस बदलत नसतो. मासे काही दिवसांनी परतले, पण निम्मेच. त्या वर्षी आजीच्या घरी धूर कमी झाला. येरेने पैसे देऊ केले, तर तिने ‘फेरी झाली, फिटलं’ म्हणून परत पाठवले. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी झावळी घातलेल्या बुपातीचं चित्र चौकाचौकात लावलं आणि येरे हरला. पण आमच्या बेटांवर अनेक घरांत तेच चित्र भिंतीवर लावलेलं आहे.

मी आता म्हातारा झालोय. माझ्या ओठाला तडा गेलाय आणि आवाज फाटका निघतो. परवा जिल्हा कचेरीतले लोक आले होते. त्यांना मला काचेच्या कपाटात ठेवायचंय. खाली पितळी पाटी आणि वर छोटा दिवा. येरेची, थोर माणसाची आठवण म्हणे! डोर्काने अजून उत्तर दिलेलं नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतो, मला काचेत ठेवू नका. थोर माणसांच्या आठवणी काचेत ठेवल्या की नवी माणसं थोर व्हायची थांबतात. मला दारालाच राहू द्या, खाऱ्या वाऱ्यात. आणि उद्या कुणी मोठा माणूस बंद पाण्यात मोटार घालून आला, तर मान खाली घालू नका. मला उचला आणि फुंका. आवाज फाटका निघेल, निघू दे. त्याला ऐकू जाईल एवढा दम माझ्यात अजून आहे.