कंडक्टरला बसमध्ये चढवणारी

मी पायरी बोलतेय. मागे जिना नाही, पुढे दार नाही. वीतभर उंच, लाकडाची, एकटीच. हसू नका! मेंदूला मार लागलेली माणसं ज्या खोलीत पुन्हा चालायला शिकतात, तिथे माझ्याशिवाय पान हलत नाही.

एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला ठोकून तयार केलं, कडेला पिवळा पट्टा मारला आणि म्हणाला, "हत्ती चढला तरी हलायचं नाही." नाहीच हलले.

किती पाय झेलले मी! पण सांगायचं ते कंडक्टरचं. मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार बसला आणि डावा पाय त्याचं ऐकेना. ऑफिसने बजावलं होतं, महिनाअखेर बसमध्ये आपलं आपण चढून दाखवा, नाहीतर घरी बसा. बावीस वर्षांची नोकरी हो!

आमच्या फिजिओथेरपिस्टला सगळे बाई म्हणतात. त्या आठवडाभर गावाला गेल्या आणि इकडे कंडक्टरच्या बायकोने कंबर कसली. नवऱ्याचं कोपर धरायचं आणि "अहो, गुडघा उचला... अजून... शाब्बास!" दिवसातून शंभर वेळा. आठवड्याच्या शेवटी गडी असा चढू लागला की बघत राहावं. एक चूक नाही. माझी तर छाती फुगली. म्हटलं, जिंकलं!

बाई परतल्या आणि दोघांना थेट बसस्टँडवर घेऊन गेल्या. तासाभराने आले तेव्हा कंडक्टरची नडगी खरचटली होती आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

"इथे जमतं हो! तिथे पायच वर जाईना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या पायाने ही एकच पायरी पाठ केलीय," बाई म्हणाल्या. "बसची उंच असते, पुढे माणसं, खांद्याला बॅग. आणि वहिनी, आता कोपर सोडा."

"अहो, पडतील ना!"

"पडू देणार नाही मी. पण चुकू देणार. चुकल्याशिवाय मेंदूला कळणार कसं, काय सुधारायचं ते?"

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. कधी खाली फळी सरकवून उंच केलं, कधी डोक्यावर गादी टाकली, कधी तिरकी वळवली. एकच उंची लागोपाठ दोनदा नाही. 'गुडघा उचला' बंद; 'बूट पट्ट्याच्या वर न्या', एवढंच. पाऊल अधांतरी असताना बाई मुद्दाम विचारायच्या, "कंडक्टर, गाडी बाजारात जाते का?"

तो अडखळायचा, चिडायचा. वहिनी हात मागे धरून ओठ चावत उभ्या. एकदा फुटल्याच, "आधी बरे चढत होते! तुम्हीच बिघडवलंत."

"आत्ताचं नका बघू. सकाळचं पहिलं पाऊल बघा. आदल्या दिवसाचं किती मुरलंय, ते त्यातच कळतं."

आणि खरंच, सकाळचं पहिलं पाऊल सुधारत गेलं. रोज नाही, पण गेलं.

परीक्षेच्या दिवशी मी इथेच, जीव टांगणीला. दुपारी वहिनी दारातूनच ओरडल्या, "चढले! कुणाचाही हात न धरता! सोमवारपासून ड्युटी!"

कंडक्टर मागोमाग आला, तोंडाचा पट्टा चालू. "अहो बाई, एक म्हातारबा दारातच उभे. म्हटलं, आजोबा, पुढे सरका..." बाई टाचा उंचावून खिडकीची वरची कडी लावत होत्या. "थांबा, मी लावतो," म्हणत तो माझ्यावर चढला, कडी लावली, उतरला. "...तर आजोबा मलाच म्हणतात, तू सरक!"

वहिनी ढसाढसा रडायला लागल्या.

"अगं, आता काय झालं?"

त्याला पत्ताच नाही! आजवर सगळ्यांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. हा पठ्ठ्या न बघता चढला आणि न बघता उतरला. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

आता माझे कोपरे झिजलेत. नवी पायरी आणायचं चाललंय म्हणे. खुशाल आणा, पण मला अडगळीत टाकू नका. उद्या एक नवी पेशंट येतेय, आणि मी अजून हललेली नाही.