किल्लीचं शेपूट

माझ्या बायकोला, लोर्नाला, शवपेटीत ठेवलं होतं तेव्हा आमच्या मानमंडळाचे, म्हणजे दंतवैद्यांच्या मानाच्या संस्थेचे, तिघं सभासद पेटीवर वाकून तिच्या दातांकडे बघत होते. ती हसतेय असं दिसावं म्हणून तिचे ओठ किंचित उघडे ठेवले होते. पुढच्या दाताची कॅप कुणी बसवली असेल, यावर तिघांचं बोलणं चाललं होतं.

"हिरडीपाशी बघ. केसही आत जाणार नाही."

"ग्रँथमचं काम असेल."

"ग्रँथमचं असतं तर सांध दिसली असती."

कॅप मी बसवली होती. मी त्यांच्या मागेच उभा होतो.

त्या दिवशी आलेल्यांमध्ये शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, जोलीन व्रोबेल. शनिवार-रविवारी ती हार्डवेअरच्या दुकानात काम करायची, तशीच दुकानाचं जाकीट घालून आली होती. माझा हात धरून म्हणाली, "मॅडमनी मला मेण कोरायला शिकवलं." एवढं बोलून गेली. ती पेटीवर वाकली नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या दंत महाविद्यालयाचे डीन ग्रँथम घरी आले. हातात भाजलेल्या बटाट्यांचं भांडं होतं. ओहायोत आमच्याकडे कुणी मेलं की लोक बटाटे आणतात. माझ्या फ्रीजमध्ये आधीच तीन भांडी होती.

"वेंडेल, लोर्नानंतर मानमंडळाची शाखा तूच सांभाळ," ते म्हणाले. "तुझाही वेळ जाईल."

शाखेचं काम दुसऱ्या कुणालाच नको होतं, हे मला ठाऊक होतं. मंडळात यायचं तर वर्गात वरचे गुण लागतात, तीन सभासदांची शिफारस लागते. एकदा छातीवर मंडळाची खूण, सोन्याची किल्ली, लागली की माणूस फक्त वार्षिक जेवणाला दिसतो. नवी पोरं शोधायची, त्यांना समजावायचं, मतं गोळा करायची, जेवण ठरवायचं, हे सगळं प्रमुखानं करायचं. लोर्नानं ते वर्षानुवर्षं केलं आणि बाकीच्यांनी कोंबडी कोरडी आहे म्हणून तक्रार केली.

"आणखी एक," ग्रँथम म्हणाले. "ती शिकवायची त्या प्रयोगशाळेला तिचं नाव द्यायचं चाललंय. दारावर पितळी पाटी. आपल्या मंडळाचे डॉ. हार्लन खर्च करतायत."

"हार्लनला काय पाहिजे?"

"काही नाही रे. त्यांचा मुलगा कोल्बी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, इतकंच."

मला ते नाव हवं होतं. त्या खोलीत लोर्नानं जन्म काढला. त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक पोराला तिचं नाव वाचावं लागलं असतं. मी हो म्हणालो.

मग मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून सभासद शोधू लागलो. वरचे गुण मिळवणारी पोरं सगळी सारखीच. मंडळ काय करतं, हे एकानंही विचारलं नाही. नोकरीच्या अर्जात ते कुठे लिहायचं, एवढं मात्र सगळ्यांनी विचारलं. किल्ली स्वतः ओतावी लागते म्हटल्यावर बहुतेकांना अभ्यास आठवला. कोल्बी हार्लननं फक्त विचारलं, "सर, सूट काळा की निळा?"

जोलीनला मीच बोलावलं. ती डब्यातलं सँडविच खात होती.

"त्या किल्लीनं काय उघडतं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग मी कशाला येऊ? शनिवारी दुकानात माझी पाळी असते."

"ती स्वतः बनवायची असते. मेणात कोरून, सोन्यात ओतून. लोर्नानं ती पद्धत मोडू दिली नाही."

तिनं सँडविच खाली ठेवलं. "भट्टी किती वाजेपर्यंत वापरता येईल?"

ही पद्धत आमच्याच शाखेची. किल्ली मेणात कोरायची, तिला मेणाची एक दांडी जोडायची, सगळं चुन्यासारख्या लगद्यात पुरायचं आणि भट्टीत मेण जाळून टाकायचं. दांडी जळून जी वाट होते, तिच्यातून वितळलेलं सोनं आत जातं. जुनी मंडळी सोन्याचे दात अशीच ओतायची. म्हणून तयार किल्लीला सोन्याचं शेपूट राहतं. ते तसंच ठेवून जेवणाला यायचं आणि शाखेच्या प्रमुखानं सगळ्यांसमोर कापायचं. शेपूट नेहमी जाड बाजूला असतं. बारीक बाजूनं सोनं घातलं तर ते वाटेतच थिजतं आणि किल्ली अर्धी राहते. हे दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल.

जेवण गोल्फ क्लबात होतं. कोंबडी कोरडी होती. ग्रँथम उत्कृष्टतेवर बोलले. गेल्या वर्षीही तेच बोलले होते, फक्त तेव्हा लोर्ना टेबलाखाली माझा पाय दाबत होती. नवे सभासद दोनच होते.

जोलीन आधी आली. तिची किल्ली खडबडीत होती, धरायच्या कडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती.

"आधीचे दोन साचे भट्टीत फुटले," ती म्हणाली.

"लोर्नाचेही फुटले होते," मी म्हणालो. शेपूट जाड कडीवर होतं. मला दोन्ही हातांनी पक्कड दाबावी लागली, तेव्हा ते तुटून बशीत पडलं.

मग कोल्बी. त्याची किल्ली आरशासारखी होती. शेपूट होतं किल्लीच्या दातांच्या टोकाला, सगळ्यात बारीक जागी. मुळाशी डाग देऊन जोडल्याची फिकट रेघ होती. सोनारानं किल्ली घडवून, घासून दिली असणार, आणि मग कुणीतरी सांगितलं असणार की शेपूटही लागतं.

मी ती कापली नाही. शेजारच्याला दिली. "सगळ्यांनी बघा."

किल्ली टेबलाभोवती फिरली. उभा जन्म दातांच्या सांधी तपासण्यात घालवलेली ही माणसं. मेलेल्या बाईच्या तोंडातली कड त्यांना दिसली होती. आता एकेकानं किल्ली दिव्याजवळ धरली, रेघेवरून नख फिरवलं, "सुंदर" म्हटलं आणि पुढे दिली. ज्यानं पेटीपाशी सगळ्यात खाली वाकून पाहिलं होतं, तो म्हणाला, "काय सफाई आहे."

किल्ली माझ्याकडे परत आली.

"कोल्बी, सोनं आत कुठून गेलं?"

त्यानं बापाकडे पाहिलं.

"वेंडेल, शेपूटच ते," डॉ. हार्लन म्हणाले. "काप, आणि चीजकेक मागवू या."

"कापतो की. आधी याला दाखवू दे."

ग्रँथम माझ्या कानाशी आले. "अरे, लोर्नाच्या नावाचा तरी विचार कर."

तोच करत होतो. त्या दारावर तिचं नाव, आणि त्याखालून रोज जाणारी, बघून न बघणारी ही तोंडं. मी किल्ली कोल्बीच्या तळहातावर ठेवली.

"याला कापण्यासारखं काही नाही. भट्टी अजून तिथंच आहे, तुला वाटेल तेव्हा ये."

तो लाल झाला, पण त्यानं मान हलवली. त्या टेबलावर लाज वाटलेला तो एकटाच. बाकीचे चीजकेक खाऊ लागले.

आठवड्याभरात ग्रँथमचं ईमेल आलं. शाखेला नवा प्रमुख. पुढल्या वर्षापासून किल्ल्या कॅटलॉगातून मागवायच्या, शेपटाशिवाय. एकमतानं ठरलं. पितळी पाटीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. कोल्बी भट्टीकडे फिरकला नाही, आणि आता त्याला गरजही नव्हती.

लोर्नाचा ॲप्रन आणायला मी प्रयोगशाळेकडे गेलो. दारावर तिचाच जुना कागद होता, चिकटपट्टी पिवळी पडलेली: "आत खाऊ नये. मेणाला खाण्याची चव लागते." अक्षर तिचं.

जोलीन दाराबाहेर उभ्यानंच सँडविच खात होती. आत कुणीही नव्हतं, तिला कुणी अडवलं नसतं.

"आत बसून खा की," मी म्हणालो.

तिनं कोपरानं कागद दाखवला आणि खात राहिली.