पारूच्या रानातला दोन बोटं पाऊस

पुंजारामाने निळ्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि नकाशातल्या सोनवण्यांच्या मळ्यावर अर्धं बोट पाऊस रंगवायला घेतला, तेवढ्यात मोबाइल वाजला आणि टोक मोडलं.

"आला वाटतं त्याचा," ओट्यापाशी भाकरी थापत त्याची बायको राहीबाई म्हणाली.

"कुणाचा?"

"ज्याच्यावर तुम्ही दात खाता त्याचा."

पुंजारामाने मोबाइलकडे पाहिलं नाही. पेन्सिलीला टोक केलं, फुंकर मारली, कागद सारखा केला. मग राहीबाईची पाठ वळल्याची खात्री करून चष्मा नाकावर चढवला आणि पाहिलं.

गावाचा, खडकमाळचा नकाशा. जितेशने काढलेला. ओढा, पाझर तलाव, बांध न् बांध जागच्या जागी. कोरड्या रानांना फिकट तपकिरी, ओल्यांना निळा, आणि कोपऱ्यात चक्क वाऱ्याचा बाण, तोही हलता. खाली गावकऱ्यांचे उभे अंगठे आणि कुणाचं तरी "एक नंबर, जितूभाऊ". पुंजाराम तेवीस वर्षं गावाला नकाशा पाठवत होता, मोबाइल आल्यापासून फोटो काढून. त्याखाली आजवर फार तर "मिळाला" असं यायचं.

"बाण कशाला लागतो?" तो भिंतीला म्हणाला. "वारा काय वाट चुकलाय?"

बोईसरजवळच्या कुंभवलीत चाळीच्या पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता. श्रावण अर्धा झाला तरी उघडीप नव्हती. दोन ठिकाणी गळत होतं, खाली बादल्या लावल्या होत्या, आणि त्या दोन बादल्यांच्या मध्ये बसून पुंजाराम तीनशे किलोमीटरवरच्या अर्ध्या बोटाचा पाऊस रंगवत होता. चाळीच्या मालकीणबाई, माई, जाता जाता दारात थांबायच्या.

"पुंजारामभाऊ, तुमच्या गावाला पाऊसच नाय, तं नकाशा कशाचा काढता हो?"

"नसल्याचाच काढावा लागतो, माई. असल्याचा काय, कुणालाही दिसतो."

"खरंच एवढं कोरडं हाय?"

"कोरडं? गावात छत्री एक. ती मारुतीच्या देवळात. पोरांना दाखवायला वरसातून एकदा उघडतात, नारळ फोडून. आणि पाऊस आला तरी कसा? बैलाच्या उजव्या शिंगावर सर आली, डावं कोरडं. बैल तीन दिवस मान वाकडी करून चालला."

माई हसत पुढे जायच्या. सरकारी कागदात खडकमाळला अवर्षणप्रवण म्हणत, पुंजाराम सरळ 'आमचं वाळवंट' म्हणे. थापा त्याच्या पोत्यानं होत्या. पण शिंगाची गोष्ट फार खोटी नव्हती. तिथे एका बांधावर पडलेला पाऊस शेजारच्या बांधाला ठाऊक नसायचा. म्हणून गावाने रीत घातली होती: प्रत्येक रानात काठीवर तेलाचा पत्र्याचा डबा. संध्याकाळी डब्यात काडी बुडवायची, ओली किती बोटं झाली ते पाहायचं आणि कळवायचं. ज्याच्या रानात दोन बोटं पडली, त्याने गावची गुरं तीन दिवस आपल्या हौदावर पाजायची. भांडणं होऊ नयेत म्हणून आणखी एक रीत होती. नकाशा काढणारा गावाबाहेर राहणारा असावा, आणि गावात त्याचं गुंठाभरही रान नसावं.

बोईसरला कामाला येताना पुंजारामाने आपला वाटा भावाला देऊन टाकला होता. कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गावात घर नाही, रान नाही, पण रोज संध्याकाळी पारावर कुणीतरी विचारायचं, "पुंजारामाचा नकाशा आला का?" ते ऐकायला तो तिथे नसायचा, तरी त्या वेळेला त्याला उचकी लागायची. निदान तो तसं सांगायचा.

आता जितेश आला होता. त्याच गावचा, तिशीचा, वीज प्रकल्पात कामाला, इथून चार गल्ल्या पलीकडे राहणारा. त्याच्या बापानेही रान सोडलेलं, म्हणजे रीतीत बसणारा. उपग्रहावरून ढग पाहणारा. आणि सरपंच अण्णांनी निरोप धाडला होता: शुक्रवारी सगळ्यांनी व्हिडिओवर बसू आणि नकाशा इथून पुढे कुणी काढायचा ते ठरवू.

पोरगा उद्धट असता तर बरं झालं असतं. तो भेटला की पाया पडायचा. त्यामुळे पुंजारामाला धड रागावताही येत नव्हतं. आत मात्र ओली वात धुमसावी तसं चाललेलं.

बुधवारी दुपारी जितेशने टाकलं, "आज खडकमाळवर ढग नाही. सर्व रानं कोरडी." दुपारीच. डबे पाहायच्या आधीच!

पुंजारामाने चपला घातल्या, तो चाळीच्या टोकाला जाऊन पत्र्याखाली उभा राहिला आणि त्याने पारूला फोन लावला. पारू त्याची चुलत बहीण, विधवा, खडकमाळला एकटी राहून चार एकर रान बघणारी.

"पारू, एक काम कर. डब्यात एक तांब्या पाणी ओत."

"कशाला रं दादा?"

"त्या पोराची जिरवायचीये. म्हणतो, वरून बघितलं, सगळं कोरडं. एक बोट दिसलं की बास. गुरांचं झेंगट दोन बोटांना लागतं, तुला काही तोशीस नाही."

पलीकडे पारू खुदकन हसली. "लहानपणी मास्तराच्या खुर्चीला खाजकुयली लावलीस, तवाबी मलाच धाडलं व्हतंस."

संध्याकाळी मोबाइलवर गावच्या गटात फोटो आला. पारूचा डबा, पारूचा हात आणि काडी. काडी दोन बोटं ओली होती.

पुंजाराम दचकला. मग गटात कुणीतरी लिहिलं, "जितूभाऊ, तुमचा उपग्रह झोपला का?" खाली हसणारे चेहरे. पुंजारामाने ते तीनदा वाचलं. त्याने नकाशा पुढे ओढला आणि पारूच्या रानावर निळी पेन्सिल इतकी दाबून फिरवली की कागदाला मागून फुगवटा आला. पाऊण तासाने जितेशचाही नकाशा आला. पारूचं रान निळं होतं. खाली लिहिलं होतं, "डबा खरा. माझं चुकलं."

त्या रात्री राहीबाईने पाहिलं, माणूस दोन भाकरी जास्त जेवला.

गुरुवारी सकाळी पारूचा फोन आला. मागे गुरांच्या घंटा वाजत होत्या.

"दादा, सव्वीस जनावरं आलीत. विहिरीत पोहरा तळाला घासतोय."

"पण तुला एक तांब्या सांगितला होता ना!"

"थोडं जास्तच ओतलं. म्हटलं, तुझी बाजू खाली पडाया नको."

पुंजाराम पत्र्यावरून पडणारी धार पाहत राहिला.

"सांगू का मी, की चुकून झालं?" पारूने विचारलं.

"उद्या बैठक आहे," तो म्हणाला. "एवढा एक दिवस काढ."

"काढते," पारू म्हणाली.

राहीबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. गळतीची भरलेली बादली उचलली आणि त्याच्या देखत, सावकाश, मोरीत ओतली.

शुक्रवारी इथे राहणारी खडकमाळची सात-आठ घरं जितेशच्या खोलीत जमली. त्याने लॅपटॉप उशीवर मांडला. पडद्यावर पार, पारावर अण्णा आणि मागे गाव दाटीवाटीने बसलेलं. उजव्या कडेला पारू होती. तिच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. दोर ओढून ओढून सोललेल्या हातांना बांधतात तशा.

"तर मंडळी," अण्णा म्हणाले, "वरून बघणाऱ्याला दिसलं नाही, ते डब्याला दिसलं. जितू, वाईट वाटून घेऊ नको. आमचं म्हणणं, नकाशा पुंजारामाकडंच राहू द्यावा."

"माझंही तेच म्हणणं आहे," जितेश म्हणाला. तो पुंजारामाकडे वळला. "फक्त काका, तो पाऊस आला कुठून, ते शिकवा मला. दोन दिवस मी ढग शोधतोय."

सगळे पुंजारामाकडे पाहू लागले. आता त्याने एखादी फक्कड गोष्ट सोडावी, अशी खोली सरसावून बसली. गोष्ट तयारही होती, ओठांपर्यंत आलेली. पडद्यावर पारूने कपाळावरची माशी चिंधीच्या हाताने उडवली.

"तो पाऊस मी पाडला," पुंजाराम म्हणाला.

खोली हसली, पार हसला, अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"खरं सांगतो. इथून पाडला. फोनवरून. पारूच्या हातानं."

"आता त्या छत्रीचं सांगा!" कुणीतरी ओरडलं. हसण्याचा कल्लोळ झाला, आणि त्यात सगळ्यांत मोठ्याने पारू हसली, पदर तोंडाशी धरून.

जितेश मात्र हसला नाही. तो पडद्यावरच्या पारूआत्याकडे पाहत होता. त्याने लॅपटॉपचा माइक बंद केला आणि पुंजारामाजवळ सरकला.

"किती?" त्याने हळूच विचारलं.

"मी एक तांब्या म्हणालो होतो. तिनं दोन ओतले."

जितेशने मान हलवली. खिशातून मोबाइल काढला, पारूच्या रानावर बोट टेकवलं आणि निळा रंग गेला. ना खोडरबर, ना कागदाला फुगवटा. मग त्याने भराभर लिहिलं आणि पाठवण्याआधी मोबाइल पुंजारामापुढे धरला.

'पारूआत्याच्या रानात बुधवारी पाऊस झाला नाही. गुरं आजच हलवावीत. नकाशात चूक झाली. चूक माझी. – जितेश'

पुंजारामाने वाचलं. पुन्हा वाचलं. गाव आता याला भला म्हणणार. चूक कबूल करणारा, मोठ्या मनाचा पोरगा म्हणणार. पारावर म्हणणार, रोज संध्याकाळी. त्याच्या छातीत ती ओली वात पुन्हा धुरकटली.

"दे इकडं," तो म्हणाला.

"काका, मी टाकतो ना. तुम्ही कशाला..."

"दे म्हणतो."

ह्याखाली आपलं नाव गेलं की नकाशा गेला, हे त्याला कळत होतं. जितेशलाही कळत होतं, म्हणून तो मोबाइल सोडत नव्हता. पुंजारामाने तो त्याच्या हातातून ओढून घेतला, चष्मा चढवला आणि जाडजूड बोटाने 'जितेश' पुसलं. मग आपलं नाव शोधायला लागला. 'प' सापडला. उकार सापडायला वेळ लागला. अनुस्वार तर कुठे दडला होता कोण जाणे.

"मी लिहून देतो," जितेश म्हणाला.

"थांब रे," पुंजाराम मान वर न करता म्हणाला. "एवढी चूक तरी माझी मला करू दे."