मुनिकेपर्यंत

डोंगर चढताना बीचची पानझडी झाडं जिथे हात टेकतात, तिथून वर मुनिका सुरू होते. या पाइनच्या झाडाला माती लागत नाही, खडकातली भेग पुरते. वाऱ्याकडची बाजू बोडकी, फांद्या सगळ्या दुसऱ्या अंगाला, खोडावर राखाडी खवले. आणि वाढ म्हणाल तर गोगलगाय बरी. पणजोबाने पाहिलेलं झाड पणतूलाही जवळपास तेवढंच दिसतं.

योकाच्या कुरणाच्या टोकाला अशीच एक मुनिका होती, माणसाच्या मांडीएवढी जाड. तिच्या अलीकडे योकाचा झरा, पलीकडे शेजारच्या मिलेताचं कुरण. योकाचा नवरा वारला आणि मिलेताला एकाएकी आठवलं, की हद्दीची मुनिका ही नव्हेच!

"हे कसलं हद्दीचं झाड?" तो पंचांसमोर हसत म्हणाला. "माझ्या घोड्याची मांडी याहून जाड आहे. खरी मुनिका झऱ्याच्या खाली होती, वीज पडून जळाली. हे कापा आणि आतली वलयं मोजा. कोवळं निघालं तर झरा माझा."

"आणि जुनं निघालं तर? थुंकी लावून परत चिकटवशील?" योकाने विचारलं.

मुनिकेचं वय जाडीवरून ओळखायचं नसतं, हे त्या डोंगरातलं शेंबडं पोरही जाणतं. मिलेताही जाणत होता. मला राग येतो तो त्याचाच. झरा गेला की योकाच्या मेंढ्या जाणार, आणि मेंढ्या गेल्या की तिला माहेरची वाट, हे त्याने पुरतं ओळखलं होतं.

"झाडाला कुणी हात लावायचा नाही," सर्वांत थोरले पंच राशोकाका म्हणाले. "हद्द ठाऊक असेल त्याने खांद्यावर दगड आणि मातीचं ढेकूळ घ्यावं नि चालावं. दगड टेकेल तिथे हद्द. खोटं वागला तर मेल्यावरही ते ओझं उतरत नाही. पण सूनबाई, हे पुरुषाचं काम. तुला ना नवरा, ना मुलगा."

"खांदा आहे ना."

मिलेताच्या पोटात रकिया दारूचे चार घोट गेलेले. "द्या की तिला दगड!" तो ओरडला. "टेकवेल तिथे हद्द, मला कबूल!"

बोलून गेला खरा. पण पंचांसमोर दिलेला शब्द तिथे कुणाला गिळता येत नाही, गिळला तर मिशा उतरवाव्या लागतात. राशोकाकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला मान हलवावीच लागली. मग सूड म्हणून दगड त्याने स्वतः निवडला, चांगला अंगापेक्षा बोंगा जड.

योका खालच्या वाटेवरून निघाली. चढ उभा होता. ढेकळातली माती मानेवरून पाठीत घुसत होती, खांदा सोलवटला होता. मागून पंच, आणि त्यांच्या मागे मिलेता.

"वहिनी, टेकव आता! घरी मक्याचा कचामाक गार होतोय."

"बायकोला सांग झाकून ठेवायला. तुला उशीर होणार आहे."

झरा मागे पडला. ती मुनिकेपाशी पोहोचली, आणि थांबली नाही. झाड ओलांडून तशीच पुढे, मिलेताच्या गुडघाभर गवतात शिरली. पंचांना तिला अडवता येईना. शब्द मिलेताचाच होता.

"वहिनी!" मिलेताचा आवाज फाटला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, माझी लेकरं आहेत."

योका उभी राहिली. समोर त्याचं अख्खं कुरण पसरलं होतं, आणि ते घ्यावंसं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिने त्याला तसंच उभं ठेवलं, घाम फुटेपर्यंत. मग वळली, मुनिकेपाशी परत आली आणि दगड तिच्या मुळाशी टाकला.

"तुझं मला नको, मिलेता," ती म्हणाली. "पण घेता येत नव्हतं म्हणून नव्हे."