फुली मारलेली जागा

"खाली एक म्हातारा आलाय," निइबोरी जिन्यातूनच ओरडला. "म्हणतो, मी हान्नोजोच्या चित्रकाराचा बाप!"

निइबोरी चित्रकथांच्या साप्ताहिकाचा माणूस. पानं हातात पडेपर्यंत तो स्टुडिओतच मुक्काम ठोकायचा आणि सगळ्यांची बिस्किटं संपवायचा.

मिकुरिया सेन्सेईंनी, स्टुडिओच्या गुरुजींनी, कागदावरून मान वर केली. "माझा बाप? तो तर कधीच गेला. बघ रे, पाय आहेत का त्याला. नसले तर भूत आहे, वर आणू नकोस."

सगळे हसले. रिकिओ हसला नाही. त्याच्या टाकाच्या टोकावर शाई वाळत चालली होती.

रिकिओ ओइकावा हा तिथला सर्वांत जुना मदतनीस. हान्नोजो नावाचा सामुराई दर आठवड्याला त्या साप्ताहिकात तलवार उपसायचा. त्याचा चेहरा, त्याची तलवार, त्याचे डोळे सेन्सेईंचे. उरलेलं सगळं रिकिओचं: गवत, कौलं, पाऊस आणि मेलेली माणसं. शिवाय काळं करणं. सेन्सेई पेन्सिलीने जिथे बारीक फुली मारतील ती जागा शाईने भरायची. रात्र, केस, सावली, काहीही असो. फुली दिसली की काळं करायचं, विचारायचं नाही.

×

गावी बापाला त्याने काय सांगितलं होतं?

इथे खरं तर फुलीच हवी. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून ही जागा थोडी पांढरी ठेवू.

पहिल्यांदा बापाने फोनवर विचारलं, "त्यो हान्नोजो तूच काढतोस न्हवं?"

"काढतो आम्ही," रिकिओ म्हणाला.

पुढच्या फोनला 'आम्ही' गळून पडलं.

"मंग पुस्तकावर ह्ये मिकुरिया कोन?"

"टोपणनाव आहे, बाबा. घ्यावं लागतं."

बाकीची जागा काळी.

×

तामेकिची ओइकावा, आकिताकडच्या डोंगरातला लाकूडतोड्या, कोट घालून आणि हातात गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. बूट काढले, फिरवून नीट लावले, आत आला. खोलीभर कागद, शाई, उष्टे कप. सगळ्यांत जवळ बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस त्याला दिसला. विटका स्वेटर, कोपरापर्यंत शाई.

तामेकिची त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि वाकला.

"तुमी लोक माज्या पोराच्या हाताखाली राबता. पोरगं घुमं हाय, कवा चुकून बोललं तर मनावर घिऊ नगा. ह्यो मुळा. धुरावर सुकवलेला, घरचा हाय."

निइबोरीच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं. जमीन दुभंगावी म्हणजे काय, हे रिकिओला कळलं. जमीन मात्र जागची हलली नाही.

सेन्सेईंनी एकदा रिकिओकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग गाठोडं दोन्ही हातांनी घेऊन ते उलट वाकले.

"आमचंच भाग्य. ओइकावा सेन्सेई फार सांभाळून घेतात."

एवढं बोलून ते आपल्या खुर्चीवरून उठले आणि ती रिकिओकडे सरकवली.

बापाने गाठोड्यातून पांढरा जाड पुठ्ठा काढला, सोनेरी कडांचा. "एक हान्नोजो काढ. गावच्या न्हाणीघरात लावायचाय, समदी अंघुळीला येत्यात तितं. न्हाणीघरवाल्या मात्सुएबाईनं खिळासुदिक ठोकून ठेवलाय. मला म्हनती, आन तर खरं, मग बघू!"

"बाबा, आज काम फार आहे."

"काढा की, सेन्सेई," मिकुरिया हळूच म्हणाले. "आम्ही बघतो बाकीचं."

रिकिओ त्या खुर्चीत बसला. खुर्ची अजून गरम होती.

त्याने चेहरा काढला. इतकी वर्षं शेजारून पाहिलेला चेहरा, चोरल्यासारखा उतरला. डोळे जरा मेलेले वाटले, पण चालण्यासारखे होते. मग खांदे, मग छातीवरचे किमोनोचे पदर. इथे हात आपोआप पळाला. तो आठवडाभर एकच काम करत होता: हान्नोजोच्या गुरूचं प्रेत, पांढऱ्या कपड्यात निजवलेलं, चौकटीमागून चौकट.

शेवटची रेघ मारून त्याने टाक ठेवला. मागे सेन्सेई खाकरले.

उजवा पदर वर आला होता.

जिवंत माणूस डावा पदर वर घेतो. उजवा वर येतो तो प्रेताचा. आई शेंबड्या पोराला बोलायच्या आधी हे शिकवते. मागच्या हिवाळ्यात तामेकिचीने बायकोला शेवटचं नेसवताना तो पदर आपल्या हाताने तसा वळवला होता.

म्हातारा चित्राकडे बघत राहिला. मग पोराच्या हाताकडे. मग कोपऱ्यातल्या छोट्या मेजाकडे. तिथे अर्धवट गवत आणि पांढऱ्यातलं प्रेत वाळत पडलं होतं, शेजारी रिकिओचा नेहमीचा चष्मा.

"बाबा, दुसरं काढून देतो. लगेच."

"नगं. ह्योच दे."

"अहो, चुकलंय ते..."

"शाई वाळू दे की जरा."

पुठ्ठा गाठोड्यात बांधून तो निघाला. दारात बूट चढवले आणि मागे वळला. या वेळी तो इतका वाकला, की कपाळ उंबऱ्याला लागायचं राहिलं.

"मिकुरिया सेन्सेई," तो म्हणाला, "पोराला सांभाळून घ्या."

आणि गेला. रिकिओला त्याच्यामागे स्टेशनपर्यंत जाता आलं असतं.

×

रिकिओ सेन्सेईंपुढे चटईवर डोकं टेकून बसून राहिला. सेन्सेईंनी आपली खुर्ची परत ओढून घेतली.

"ऊठ," ते म्हणाले. "गवत राहिलंय."

×

पुढची चौकट रिकामी आहे. त्यात फोन वाजतात. बाप मुळ्याचं बोलतो, बर्फाचं बोलतो. हान्नोजोचं पुन्हा कधीच विचारत नाही.

×

काही वर्षांनी, बापाचं क्रियाकर्म उरकल्यावर रिकिओ गावच्या न्हाणीघरात गेला. दुपार होती, कुणी आलं नव्हतं. मात्सुएकाकू तोंडात पिना धरून टॉवेल वाळत घालत होती.

"आलास का रे, रिकी? तुझ्या बापानं तर डोकं उठवलं होतं. जो अंघोळीला येईल त्याला आधी ह्या चित्रापुढं उभं करायचा. माझ्या पोरानं काढलंय, म्हणायचा. नागडी माणसं कुडकुडत उभी!"

चित्र आरशाच्या वर, काच बसवून लावलेलं होतं. वाफेने पुठ्ठा पिवळा पडला होता. हान्नोजोच्या छातीवर, काचेवर, कागदाच्या दोन रुंद पट्ट्या चिकटवल्या होत्या, सरकत्या दाराचा कागद फाटला की लावतात तशा. एकीवरून दुसरी, तिरप्या. पदर दिसत नव्हते.

"काच तडकलीये," काकू म्हणाली. "आणली त्याच दिवशी तडकली म्हणे. मी किती वेळा म्हटलं, बदलून टाकू. ऐकेल तर शपथ. दरवर्षी जुन्या पट्ट्या काढायचा, नव्या लावायचा. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

ती टॉवेलांची टोपली घेऊन आत गेली.

रिकिओ स्टुलावर चढला. पट्टीच्या कडेपासून त्याने काचेवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग एका पट्टीचं सुटलेलं टोक उचलून आतपर्यंत. काच गुळगुळीत होती. कुठेही तडा नव्हता.

खाली उतरून त्याने लांबून पाहिलं. छातीवर मधोमध मोठी फुली.

त्याने पुन्हा स्टूल ओढलं, बोटाला थुंकी लावली आणि सुटलेलं टोक नीट दाबून बसवलं.